सगुणा रुतली तेव्हा

माझी पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती आणि भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, ओट्यावर बसून दुसरा चहा बशीत ओतत होते, तेवढ्यात खालच्या रानातून आरोळी आली.

"तात्याऽऽ! घोडी रुतली! सगुणा रुतली गाळात!"

तात्या म्हणजे माझे वडील. ते भावजींसमोर मांडी घालून बसले होते आणि त्यांचं नेहमीचं पालुपद चाललं होतं. पोरगी गुणाची हाय, जरा तोंडानं फटकळ हाय, सांभाळून घ्या. आरोळी कानावर पडली तसे ते वाक्य अर्धं टाकून उठले. पायात चप्पलसुद्धा घातली नाही. मीही पदर खोचला आणि त्यांच्या मागं पळाले.

"अगं शाले, तू कुठं निघालीस?" आई मागून ओरडली. "पाव्हणं खोळंबल्यात!"

"असू द्या, मामी," भावजी म्हणाले. "घोडी निघाली की आम्ही निघू. बसतो मी."

बसणारच. भावजींना बसायला आणि चहा प्यायला कुठंही चालायचं. माणूस वाईट नव्हता, पण कुणी सांगितलं तेवढंच करायचा, आणि त्याला माझ्या नवऱ्यानं मला सासरी घेऊन यायला सांगितलं होतं. दारात जीप उभी होती. घोडी निघाली की मी निघायचं, असं माझ्या दिवसाचं ठरून गेलं.

आमचं रान उजनीच्या फुगवट्याला लागून. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरकलं की खाली गाळाची जमीन उघडी पडते. कडेची वाळून टणक होते, तिथं आम्ही काकडी, कलिंगडं लावायचो. पण पाण्याच्या जवळची मोठी फसवी. वरून भाकरीसारखा पापुद्रा धरलेला आणि खाली नुसती लापशी. आमच्याकडच्या शेळ्यांनासुद्धा ते कळतं. सगुणालाही कळत होतं, पण अलीकडं तिच्या डोळ्यांवर सारा पडला होता, नीट दिसायचं नाही. सकाळी दावं सुटलं असेल, तहान लागली असेल, पाण्याच्या वासानं गेली सरळ.

जाऊन बघते तर पोटापर्यंत आत. पांढरी घोडी, पण निम्म्यातून काळी दिसत होती. धडपडून धडपडून दमली होती बिचारी. तात्यांची चाहूल लागली तशी फुरफुरली.

"आलो गं बाय, आलो," तात्या म्हणाले आणि तसेच गाळात शिरायला निघाले. निवृत्तीनानांनी त्यांना कमरेला धरून मागं ओढलं.

"तात्या, खुळं का काय तुम्ही? तुमाला काढायला कोण येणार मग?"

निवृत्तीनाना आमचे शेजारचे. अंगानं दांडगे, तोंडानं शिवराळ आणि अडल्यावेळी सगळ्यांत आधी हजर. त्यांनी पोरांना पिटाळलं, कुणी बाभळीच्या फांद्या आणल्या, कुणी गोठ्याचं दार उचकटून आणलं, कुणी बाजा आणल्या. हे सगळं गाळावर अंथरत अंथरत तात्या रांगत घोडीच्या मानेपाशी पोचले. त्यांच्या मागं पाण्याची बादली घेऊन मी. मला कुणी सांगितलं नव्हतं. पण माणसाच्या वजनानं बाज खाली जात होती आणि त्या घोळक्यात हलकी अशी मीच होते.

ऊन नुसतं भाजत होतं. वैशाखाचं ऊन, वर झाड नाही, खालून गाळाची वाफ. मी पातळाचा जुना तुकडा भिजवून सगुणाच्या कपाळावर ठेवत होते, तो बघता बघता सुकत होता. तात्या तिच्या पुढच्या पायाजवळचा गाळ दोन्ही हातांनी उपसत होते. एक ओंजळ काढली की तिथं दुसरी येऊन बसायची.

नानांनी ट्रॅक्टर टणक जागेवर उभा केला. पोत्यांची जाड पट्टी करून तिच्या छातीखालून घातली, तिला सोल, म्हणजे जाड दोर, बांधला आणि ओढलं. घोडी अशी कण्हली की माझ्या अंगावर काटा आला. पण जागची काही हलली नाही. तात्या हात वर करून ओरडले, "थांबव! थांबव! मान तुटंल तिची!"

"तिनं सोता जोर लावल्याबिगर व्हायचं न्हाय, तात्या," नाना म्हणाले. "ती उठाया बघंल त्याच टायमाला मी वढतो. पन तिनं उठाया पायजे."

ती काही उठत नव्हती. तिनं मान बाजेच्या कडेवर टाकली होती आणि डोळे मिटले होते.

ट्रॅक्टर बंद झाला. नाना दुसरा सोल आणायला गेले. बाजेवर तात्या आणि मी दोघंच राहिलो. म्हटलं, आता नाही बोलले तर पुन्हा बोलायला मिळायचं नाही.

"तात्या, मला नाही जायचं."

"ही काय येळ हाय का, शाले?"

"मग कुठली वेळ? ही निघाली की तुम्ही मला जीपमध्ये बसवणार."

ते गाळ उपसत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "ही अकलूजच्या बाजारातनं आणली तवा कशी हुती, ठावं हाय का तुला? तू लहान हुतीस. चावायची. लाथा घालायची. तुझी आई म्हणली, परत देऊन या ही अवदसा. पर म्या हिला एकदाबी चाबूक दावला न्हाय. गूळ दावला. दम धरला. मग हिचं नाव सगुणा पडलं. जनावर असू दे, न्हायतर माणूस असू दे, दमानं घेतलं की वळणावर येतं. तू एक पाऊल मागं घे, त्यो बी घील."

"तो बाहेरून कुलूप लावून जातो, तात्या. कारखान्यावर जाताना. दिवसभर मी आत. सांगितलंय मी तुम्हाला."

"डिवटीवरनं आला की काढतो न्हवं?"

मी सगुणाच्या डोळ्यांवरच्या माश्या हाकलल्या.

"त्याला वाटतं तू पळून जाशील," तात्या समजुतीनं म्हणाले. "न्हाय गेलीस, गुमान ऱ्हायलीस, की भरवसा बसंल. मग कशाला लावंल कुलूप? नव्या घरात असं हुतंच बाळा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. ते माझ्याशी त्याच आवाजात बोलत होते, ज्या आवाजात त्यांनी सगुणाला शिकवलं होतं. आधी दोनदा मी माहेरी निघून आले होते, आणि दोन्ही वेळा याच आवाजानं मला परत पोचवलं होतं. मी सगुणाच्या कपाळावरचं फडकं उचललं, भिजवलं, परत ठेवलं. ती निघावी म्हणून जीव तुटत होता माझा. आणि ती निघाली की माझं काय, हेही डोक्यातून जात नव्हतं. असला पेच देवानं वैऱ्यालाही घालू नये.

सगुणा म्हणजे साधीसुधी घोडी नव्हती हो. नाचणारी घोडी. आमच्या भागातल्या किती वराती तिनं गाजवल्या त्याला गणती नाही. माझा नवराही तिच्याच पाठीवर बसून मारुतीला गेला होता. तात्यांनी तिला सगळं हलगीवर शिकवलेलं. आधी जागच्या जागी पावलं, एक टाप उचलायची, ठेवायची, मग दुसरी. मग गिरकी. आणि शेवटी हलगीनं तोडा धरला की मागच्या दोन पायांवर सरळ उभी. बायका पोरांना पोटाशी धरायच्या, शिट्ट्यांनी कान फाटायचे. म्हातारी झाली तशी तात्यांनी तिला वरातीला न्यायचं बंद केलं, पण तिचं वेड गेलं नव्हतं. शेजारच्या गावात लग्न असलं आणि वाऱ्यावर हलगी ऐकू आली की ही गोठ्यात एकटी पावलं टाकायची. तात्या आम्हाला हाका मारून बोलवायचे. "बघा गं, बघा म्हातारीचा थाट!" हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

त्यामुळं कडेला उभ्या असलेल्या घोळक्यातून कुणीतरी "हलगी आणा की!" म्हटलं, तेव्हा सगळ्यांनाच ते एकदम पटलं. तात्यांच्या तर चेहऱ्यावर जीव आला.

"आरं व्हय! शिवाप्पाला बलवा! हलगी ऐकली की मेलेली उठंल ती. उठली रं उठली, की नाना, तू वढ!"

शिवाप्पा हलगीवाला तिच्या सगळ्या वरातींत पुढं असायचा. बोलवायला गेलेल्या पोराच्या आधीच तो धावत आला. बांधावर पाचट पेटवून त्यानं हलगी शेकली, बोटानं टिचकी मारून बघितली.

"कंची चाल धरू, तात्या?"

"पावलाची नगं, गिरकीची नगं. एकदम तोडा धर. हुबी ऱ्हायाचा."

"आन् मंग बघाच तुमी," शिवाप्पा म्हणाला. त्यालाही स्फुरण चढलं होतं.

मलाही वाटलं, आता निघणार. खोटं कशाला सांगू? मी बाजेवर बाजूला सरकले आणि हात जोडले.

हलगी कडाडली. सगुणाचे कान ताठ झाले. मान वर आली. मिटलेले डोळे उघडले आणि ती अशी काही फुरफुरली की काठावर एकच गलका झाला. "उठली! उठली! वढा नाना, वढा!" ट्रॅक्टर सुरू झाला, सोल ताणला.

आणि सगुणानं गाळातून उजवा पाय उपसून वर काढला. काढला, आणि ठेवला. मग डावा काढला, ठेवला.

घोळक्यात कुणीतरी शिट्टी घातली. चांगलंच वाटलं ना सगळ्यांना, घोडी हलली म्हणून. मी जवळ होते, मला आधी दिसलं. ती उठत नव्हती. ती पावलं टाकत होती. एकदम उभं राहायचं नाही, हे तात्यांनीच तिला शिकवलं होतं. पाठीवर नवरदेव असतो, तो पडेल, म्हणून आधी पावलं, मग गिरकी, मगच उभं. शिवाप्पा तोडा वाजवत होता, पण ती बिचारी सुरुवातीपासून सगळं नीट करत होती. एक पाऊल, दुसरं पाऊल. प्रत्येक टापेला गाळ पचकन वाजायचा आणि घोडी खाली जायची.

"तात्या, बुडतीय ती!" मी किंचाळले.

तात्यांना कळलं. त्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. "बंद कर! शिवाप्पा, बंद कर!" ते ओरडले, पण ट्रॅक्टरची घरघर, हलगीचा कडकडाट आणि लोकांचा गलका, यात कुणाला काय ऐकू येणार? शिवाप्पा डोळे मिटून, जीव ओतून वाजवत होता. तात्यांनी दोन्ही हातांनी घोडीचा पाय धरला, खाली दाबून धरला, की तो वर येऊ नये. तिनं तो त्यांच्या हातांसकट उचलला.

"नगं! नगं गं बाय, नगं नाचू!" तात्या तिच्या कानाशी तोंड नेऊन रडत ओरडायला लागले. "सगुणे, ऐकू नगं! माझं ऐकू नगं गं!"

पण वरातीत नाचताना तात्या असेच तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचे, शाबास म्हणायचे. तिला बोलणं थोडंच कळत होतं? तिला मालकाचा आवाज कळला. तिनं पावलं आणखी जोरात टाकली.

शेवटी मीच बादली उचलून शिवाप्पाच्या दिशेनं भिरकावली. हलगी थांबली. ट्रॅक्टर थांबला.

गाळ तिच्या पाठीवर आला होता. नुसती मान आणि थोडीशी पाठ वर. नाकपुड्या भात्यासारख्या फुलत होत्या. आणि तिनं काय केलं म्हणाल? मान लांब करून तात्यांच्या सदऱ्याचा खिसा ओठांनी चाचपायला लागली. नाच झाला की तात्या खिशातून गूळ काढून द्यायचे ना तिला. खिशात गाळ भरला होता.

"शाले," तात्या म्हणाले. "गूळ आण गं."

मी पळत घरी गेले. भावजी ओट्यावर लवंडले होते. मला बघून उठून बसले.

"निघाली का घोडी?"

"नाही," म्हटलं. आत गेले, आईनं हातातलं टाकून गुळाची ढेप फोडून दिली आणि तशीच पळत आले.

सगळी माणसं कडेला उभी होती. शिवाप्पा हलगी पालथी टाकून डोकं धरून बसला होता. नाना आता ओढायचं नाव काढत नव्हते. ओढायला आता हाताला लागतच काय होतं? तात्या बाजेवर पालथे पडून तिचं तोंड दोन्ही हातांनी गाळाच्या वर धरून होते. मी गूळ त्यांच्या तळव्यावर ठेवला. सगुणानं तो चाटला. चावला नाही, नुसता चाटला. तात्यांनी मला बघू नको म्हणून सांगितलं, पण मी बघितलं. उन्हानं म्हणा, छाती फुटून म्हणा, ती तशीच त्यांच्या हातात गेली. मान जड झाली तरी ते सोडेनात. नानांनी आणि मी मिळून त्यांची बोटं सोडवली.

तिला तिथंच गाळात ठेवावं लागलं. दुसरा इलाज नव्हता. नानांनी ट्रॉलीनं रानातली माती आणून वर टाकली. प्रत्येकानं एकेक पाटी टाकली. शिवाप्पानंही टाकली, तेव्हा तात्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

घरी आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तात्या ओट्याच्या पायरीवर बसले. आईनं पाण्याची बादली आणून ठेवली, तिला त्यांनी हातही लावला नाही. अंगावरचा गाळ वाळून त्याच्या खपल्या पडत होत्या. मी खाली बसून त्यांच्या पायाचा गाळ हातानं काढायला लागले.

भावजी जवळ आले. त्यांनाही वाईट वाटलं होतं, नाही असं नाही. म्हणाले, "लय वंगाळ झालं, मामा. जित्राब म्हणजे घरचंच माणूस. पण आता आम्हाला निघाया पायजे. अंधाराच्या आत पोचायला सांगितलंय दादानं." मग माझ्याकडं बघून, "वहिनी, आवरा. मी गाडीत बसतो."

आणि जाऊन बसलेही. जाताना माझी पिशवी घेऊन गेले.

आई करंड घेऊन बाहेर आली. तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत तांदूळ घातले. करायचं ते सगळं तिनं केलं. "हातपाय तरी धू," म्हणाली. मी म्हटलं, राहू दे. तात्या समोर बघत बसले होते. मला वाटलं, त्यांना आम्ही दोघी दिसतसुद्धा नाही आहोत. सगुणाचं दुःख इतकं, त्यात माझं काय घेऊन बसायचं? आणि मनातून मी गेलेच होते. ते कुलूप, ती खोली, भिंतीतली ती वीतभर खिडकी, सगळं डोळ्यांपुढं येऊन उभं राहिलं होतं.

जीपवाल्यानं हॉर्न वाजवला.

मी उठले. उठायचं असं मी ठरवलं नव्हतं. हॉर्न वाजला आणि माझे पाय आपोआप उचलले गेले. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं.

तात्यांनी एकदम मान वर केली. माझ्या पायांकडं बघितलं. बघतच राहिले. मग त्यांनी हात लांब करून माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की गाळाच्या खपल्या माझ्या बांगड्यांवर गळून पडल्या.

"बस," ते म्हणाले.

मला कळेना. "तात्या, भावजी बोलवतायत."

"म्या सांगतो न्हवं. बस खाली."

मी बसले. आई दारात करंड घेऊन तशीच उभी. "अवं, असं काय करताय? पाव्हणं काय म्हणतील? त्यांच्या घरच्यांना काय सांगायचं?"

तात्यांनी माझं मनगट सोडलं नाही. बाहेर जीपवाल्यानं पुन्हा हॉर्न वाजवला, या खेपेला लांबवर, रागानं. माझे गुडघे हलले, तसा तात्यांनी दुसरा हातही माझ्या हातावर ठेवला.

"वाजू दे," तात्या म्हणाले. "कितीबी वाजू दे."